पुठ्ठ्याऐवजी कापडाचा जिरेटोप

पुठ्ठा वाकवून स्टेपल मारले की जिरेटोप तयार, असं बरेच जण सांगतात, ते शाळेच्या गॅदरिंगपुरतं पटतं. बेळगावच्या चित्ररथांना ते चालत नाही. आपली शिवजयंती वैशाखातली, मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. घामानं पुठ्ठ्याची कड मऊ पडते आणि वळीव आला तर टोपच चेपून खाली बसतो. त्यापेक्षा डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घाला, त्यावर प्लास्टिकची पिशवी ओढा आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून तीन-चार थर द्या. प्रत्येक थर उन्हात कडकडीत वाळू द्या, नाहीतर आतून बुरशी धरते. मग वरून ऑइल पेंटचा हात.

आणि कपाळाच्या कडेला आतून जुन्या बनियनची पट्टी नक्की शिवा. पोरांचं कपाळ सोलवटत नाही, घामही तीच टिपते.