लाडक्या मालिकेतलं फसलेलं पुस्तक: तुमचा अनुभव सांगा

परवा रात्री एका कोझी रहस्यकथा-मालिकेचं अकरावं पुस्तक संपवलं. खुनी कोण ते कळलं, पुस्तक मिटलं, दिवा घालवला आणि पाच मिनिटांत झोपले. सकाळी उठल्यावर या गोष्टीचंच वाईट वाटलं. आधीची दहा पुस्तकं संपवल्यावर मला कधी अशी झोप लागली नव्हती.

कोझी म्हणजे काय ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात: खून पडद्याआड होतो, रक्ताची वर्णनं नसतात, आणि शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसते. ती ग्रंथपाल असेल, लोकरीचं दुकान चालवत असेल, निवृत्त शिक्षिका असेल. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. आपण कोड्यासाठी जातो आणि माणसांसाठी परत परत जातो.

माझ्या या अकराव्या पुस्तकात कोडं कच्चं होतंच, पण ते मी सोडून दिलं असतं. लोकांचं ऐकून घेणं हा ज्या बाईचा स्वभाव होता, ती इथे सगळ्यांना मध्येच तोडत होती. साक्ष द्यायला आलेल्या म्हाताऱ्या शेजारणीला तिने दोन वाक्यांत वाटेला लावलं. ही ती नव्हेच, असं मला पानापानावर वाटत राहिलं.

तुमच्या बाबतीत असं कुठे झालं? नेमकं काय खटकलं, आणि त्यानंतरचं पुस्तक वाचलंत का? विनंती एकच, खुनी कोण ते सांगू नका. चालू मालिकांची नावं मीही टाळतेय, कारण लेखिका अजून लिहीत आहेत आणि पुढचं पुस्तक चांगलं निघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

*

माझ्या मालिकेतली नायिका विधवा आहे. चौथ्या पुस्तकात एका प्रकरणात ती नवऱ्याची शेवटची संध्याकाळ आठवते. इस्पितळातली खोली, खिडकीबाहेरचा पाऊस, त्याने मागितलेला चष्मा. चष्मा घरी राहिला होता आणि ती आणायला गेली नाही, कारण तेवढ्यात काही होईल अशी भीती वाटत होती. मी हे वाचलं तेव्हा माझे यजमान जाऊन सात महिने झाले होते. खुनाचं काय झालं ते आज आठवत नाही, पण त्या चष्म्याचं पान मी कितीदा काढून वाचलंय.

नवव्या पुस्तकात तोच नवरा समुद्रात बोट उलटून गेल्याचं लिहिलंय. एका वाक्यात, जाता जाता. संशयितांपैकी एकाकडे बोट होती, म्हणून नायिकेला बोटींची धास्ती असणं कथेला सोयीचं होतं. तेवढ्यासाठी तो माणूस दुसऱ्यांदा, दुसऱ्याच तऱ्हेने मारला गेला.

मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. चूक छोटी आहे असं मुलगा म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती छोटी असेलही. पण जिने लिहिलं तिलाच ती संध्याकाळ आठवत नाही, हे मला फार लागलं. दहावं पुस्तक आणलेलं नाही. चौथं मात्र अजून जवळ आहे.

*

माझं गाऱ्हाणं साधं आहे. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला हवा. मी वाचत असलेल्या मालिकेच्या सहाव्या पुस्तकात गुन्हेगार अडीचशेव्या पानावर पहिल्यांदा दारात उभा राहतो, आणि पुस्तक दोनशे नव्वद पानांचं आहे. वर माणसांबद्दल जे लिहिलंय ते पटतं, पण माझ्यासारखे वही-पेन्सिल घेऊन बसणारेही असतात. आम्ही वेळा जुळवतो, कोण कुठे होतं ते टिपतो. आमची ती सगळी मेहनत पाण्यात गेली.

*

नाव घेऊन बोलता येईल असं एक पुस्तक माझ्याकडे आहे. अगाथा ख्रिस्तींचं ‘पोस्टर्न ऑफ फेट’, १९७३ मध्ये आलेलं.

टॉमी आणि टपेन्स हे माझं सर्वांत आवडतं जोडपं. पॉयरोपेक्षा, मिस मार्पलपेक्षाही. १९२२ मध्ये ती दोघं पहिल्यांदा आली तेव्हा विशीत होती, आणि ख्रिस्तींच्या इतर शोधकांसारखी ती एका वयात थांबली नाहीत. लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले. माझ्या आजीने त्यांची पहिली पुस्तकं वाचली होती, मी शेवटचं वाचलं.

सुरुवात इतकी सुंदर आहे! म्हातारं जोडपं नव्या घरात राहायला येतं, आधीच्या मालकांची मुलांची पुस्तकं तिथेच राहिलेली असतात, आणि त्यातल्या एका पुस्तकात अक्षरांखाली खुणा केलेल्या सापडतात. ती अक्षरं जुळवली की निरोप निघतो: मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचवता येणार नाही. पण नंतर पुस्तक हरवत जातं. तेच संभाषण वेगळ्या खोलीत पुन्हा होतं. कोण किती वर्षांपूर्वी काय म्हणालं, याचा मेळ बसत नाही. टपेन्स एक वाक्य सुरू करते आणि दुसऱ्याच आठवणीत जाते. धागा आत्ता जुळेल, मग जुळेल, म्हणत मी शेवटापर्यंत गेले आणि मनापासून खट्टू झाले. रागही आला होता.

नंतर कळलं की ख्रिस्तींनी लिहिलेली ही शेवटची कादंबरी. ती निघाली तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. यानंतर निघालेल्या ‘कर्टन’ (१९७५) आणि ‘स्लीपिंग मर्डर’ (१९७६) या दोन्ही कादंबऱ्या त्यांनी कितीतरी वर्षं आधी लिहून राखून ठेवलेल्या होत्या. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले, तेव्हा उतारवयातल्या लेखनात शब्दसंग्रह आटलेला, तेच शब्दसमूह पुन्हा पुन्हा येणारे आणि ‘काहीतरी’सारखे मोघम शब्द वाढलेले दिसले. स्मृतिभ्रंश असावा असा त्यांचा तर्क होता. तसं निदान ख्रिस्तींच्या हयातीत झालेलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं. रहस्य तसंच विस्कटलेलं आहे. पण जुन्या घरात एकेक वस्तू उचलून ‘ही कुठली बरं’ म्हणणारी ती दोघं या वेळी वेगळी दिसली. त्यांचा कुत्रा हॅनिबल तर पहिल्यापासून उत्तमच लिहिलेला आहे.

*

लेखिकेची अवस्था कळली की पुस्तक वेगळं दिसतं, हे मला पूर्ण मान्य नाही. ख्रिस्तींचंच ‘द बिग फोर’ घ्या. १९२४ मध्ये नियतकालिकातून आलेल्या बारा सुट्या कथा जोडून १९२७ मध्ये ती कादंबरी केली. १९२६ मध्ये त्यांची आई गेली, त्याच वर्षअखेर त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या, नवीन लिहिण्याची ताकद नव्हती, म्हणून दिराच्या मदतीने ती जोडणी झाली. हे सगळं माहीत आहे, लेखिकेबद्दल जीव हळहळतो. तरीही पुस्तकाचे सांधे उघडे पडलेले दिसतातच. पॉयरोची ओळख करून द्यायला एका मित्राने मला नेमकं हेच पुस्तक दिलं, आणि त्यामुळे मी पुढची सहा वर्षं पॉयरोला हात लावला नाही. ती सहा वर्षं कोण भरून देणार?

*

प्रेमाचा त्रिकोण. तेरा पुस्तकं. तोच पोलिस अधिकारी, तोच बालमित्र, आणि प्रत्येक शेवटी ‘मला विचार करायला वेळ हवा’. तेराव्यात तिने एकाला होकार दिला आणि मी आनंदाने उठून बसले, तर शेवटच्या परिच्छेदात अंगठी परत. बंद केली मालिका.

*

मी ऐकते, वाचत नाही. डोळ्यांचा त्रास आहे. सात पुस्तकं एकाच निवेदिकेच्या आवाजात ऐकली. गावातल्या प्रत्येकाला तिने वेगळा आवाज दिला होता. टपाल कार्यालयातल्या बाई किंचित नाकात बोलायच्या, डॉक्टर प्रत्येक वाक्याआधी श्वास घ्यायचे. आठव्यात निवेदिका बदलली. नवी मुलगी वाईट वाचत नव्हती, पण सगळे एकाच आवाजात आले आणि मला कोण बोलतंय ते कळेना. पुस्तक कमजोर होतं की नुसता आवाज बदलला होता, हे मी आजही ठरवू शकत नाही.

*

मी अशा पुस्तकांचं मुद्रितशोधन केलंय, तेव्हा आतली बाजू थोडी सांगतो. करार बऱ्याचदा तीन पुस्तकांचा असतो आणि वर्षाला एक तरी पुस्तक द्यावं लागतं. कथेचा आराखडा आधी मंजूर होतो, मग लिहिता लिहिता त्यापेक्षा चांगलं काही सुचलं तरी बदलायला वेळ उरत नाही. चांगल्या मालिकेची एक वही ठेवलेली असते: कोणाचं वय किती, डोळे कुठल्या रंगाचे, दुकानाचं मागचं दार कुठे उघडतं, कोण कशाने वारलं. संपादक बदलला की बहुधा ती वही मागे पडते. नवव्या पुस्तकात नवरा बोटीत गेला, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण असा एक प्रकार माझ्या नजरेतूनही निसटला होता. एका पात्राची बहीण तिसऱ्या पुस्तकात धाकटी होती, पाचव्यात थोरली झाली. वाचकाचं पत्र आलं तेव्हा कळलं. ते पत्र मी जपून ठेवलंय.

*

ती एकटीच जाते. खुनी कोण ते कळलंय, फोन हातात आहे, आणि ती रात्री एकटीच त्याच्या घरी जाते. पहिल्या पुस्तकात तिची चूक समजू शकते. बाराव्यात हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांचाही.

*

एका लहान गावात इतके खून कसे, हा प्रश्न जुनाच. ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकन टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ चालली, २६४ भाग झाले, आणि तिच्यातल्या कॅबट कोव्ह गावावरून या दुखण्याला ‘कॅबट कोव्ह सिंड्रोम’ असं नावच पडलं. त्यावरचा उपाय म्हणून लेखक नायिकेला प्रवासाला धाडतात. माझ्या मालिकेचं आठवं पुस्तक असंच जहाजावर घडतं. कारण कळतं हो. पण ग्रंथालय नाही, शेजारी नाहीत, पारावर बसणारे दोघे म्हातारे नाहीत. जहाजावरच्या वीस अनोळखी माणसांपैकी कोण मेलं, याने मला काही फरक पडेना. नवव्यात ती घरी परतली. पहिल्याच पानावर तिने किल्ली फिरवली आणि दार नेहमीसारखं अडकलं, तेव्हा मी मोठ्याने ‘आलीस!’ म्हणालो.

*

आईला रोज रात्री फोनवर एक प्रकरण वाचून दाखवते. चार वर्षं झाली, एकाच मालिकेतली पुस्तकं चालू आहेत. आईचं वय झालंय, पण खुनी ती माझ्याआधी ओळखते. सध्याच्या पुस्तकात तर तिने तिसऱ्या प्रकरणातच ओळखला, आणि मीही. म्हणजे कोडं गेलंच. संवाद कोरडे आहेत, वर्णनं मागच्या पुस्तकातून उचलल्यासारखी वाटतात. मी दोनदा म्हटलं, आपण हे सोडून पुढचं घेऊ या.

आई नको म्हणते. दुसऱ्या प्रकरणात पत्रं वाटणारा माणूस सायकलवरून पडतो आणि त्याचा पाय मुरगळतो. आधीच्या सगळ्या पुस्तकांत तो आहे, आईचा आवडता आहे. आई रोज वाचन संपलं की विचारते, ‘त्याच्या पायाचं काय झालं गं?’ मी म्हणते, येईल पुढे.

काल फोन ठेवल्यावर मी उरलेली सगळी पानं चाळली. एकेक ओळ बघितली. तो पुन्हा कुठेच येत नाही. आज रात्री सोळावं प्रकरण आहे. पायाबद्दल दोन ओळी मीच लिहून ठेवल्यात, प्रकरणाच्या शेवटी वाचेन.