मदत हवी आहे: लिव्हिंग विलची प्रत पुणे महापालिकेत कुठे द्यायची?

कोथरूडच्या एका ज्येष्ठ जोडप्याची लिव्हिंग विलची (बरं होण्याची आशा उरली नाही तर कृत्रिमरीत्या जगवणारे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवणं) कागदपत्रं तयार आहेत. दोन साक्षीदार, नोटरी झालं. २०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या बदलानंतर मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. स्वतःला सांगता येईनासं झालं तर निर्णय घेणारे म्हणून मुलगी आणि भाचा, दोघांची नावं घातलीत (एकच नाव आणि तो माणूस परदेशात, की आयसीयूच्या दारात सगळं अडतं). फॅमिली डॉक्टरांना प्रत दिली.

राहिली महापालिका. प्रत घेणारे अधिकारी मुख्य इमारतीत बसतात की क्षेत्रीय कार्यालयात? शिक्क्यासह पोच देतात का? रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं पहिलं मंडळ उपचार थांबवायचे का, यावर शक्यतो ४८ तासांत मत देतं, तेव्हा झेरॉक्स चालते की मूळ कागदच मागतात?

अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर अनेक वर्षं मुंबईच्या केईएम रुग्णालयात अचेतन अवस्थेत राहिलेल्या परिचारिका) यांचा विषय इथे कृपया नको. त्यांनी असं काही लिहून ठेवलेलं नव्हतं.