छोट्या गावाजवळचे डॉग पार्क: मुलं, सासूबाई आणि मोती सगळ्यांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

धागाकर्ती:

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे मोती आहे. दीड वर्षाचा, लॅब्रॅडॉरचा मिश्र, अंगाने दांडगा. घरात आम्ही दोघं, चार आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासूबाई. गाव छोटं असल्याने पट्टा काढून त्याला मनसोक्त पळू द्यावं अशी जागा गावात नाही. चौकशी केल्यावर गाडीने जाता येतील अशा तीन जागा कळल्या:

अ) बागेतलाच कुंपण घातलेला डॉग पार्क. जागा लहान, पण छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांचे कप्पे वेगळे.
ब) तळ्याकाठचं मोठं कुरण. कुंपण फक्त रस्त्याच्या बाजूला. सगळे कुत्रे मोकळे सोडलेले.
क) एका शेतकऱ्याने कुंपण घालून तासाच्या भाड्याने द्यायला ठेवलेली जागा. एका वेळी एकच कुटुंब.

मोतीच्या लसी पूर्ण आहेत, नसबंदी झाली आहे. घरात हाक मारली की लगेच येतो. बाहेर मात्र एखादा वास लागला की हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जावं अशी फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी? मुलांना आत न्यावं का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावं.

---

दोन कुत्र्यांचं घर:

ताई, तिन्ही जागा चांगल्या आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. माझ्या मते क, मग अ आणि सगळ्यात शेवटी ब.

हाक मारल्यावर न येणारा कुत्रा आणि तीन बाजू उघड्या असलेलं कुरण यांचा मेळ बसत नाही. पलीकडे गुरं चरत असतील, रस्ता असेल, ससा उठला तर दीड वर्षाचा कुत्रा काही विचार करणार नाही. म्हणून आधी भाड्याची जागा. तिथे दुसरे कुत्रे नसतात, त्यामुळे 'ये' शिकवायला यासारखी जागा नाही. हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) आठ-दहा मीटरची लांब दोरी बांधा (गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावत जाऊन झटका बसला तर मानेला इजा होते) आणि ती जमिनीवर लोळू द्या. वास घेत असताना एकदाच हाक मारा. आला तर त्याला सगळ्यात आवडणारा खाऊ द्या आणि लगेच परत सोडा. हे 'परत सोडा' बहुतेक लोक विसरतात. फक्त निघायच्या वेळीच हाक मारली तर कुत्रा दोन फेऱ्यांत ओळखतो की 'ये' म्हणजे मजा संपली. आणि उशिरा आला तरी रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल.

अ मध्ये जायच्या आधी तुमच्यापैकी एकाने मोतीला न घेता एकट्याने जाऊन यावं. कुंपणाबाहेर उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. फाटक दुहेरी आहे का? म्हणजे एक दार लावून मधल्या मोकळ्या जागेत थांबायचं आणि मगच दुसरं उघडायचं. कुंपणाच्या तळाशी उकरलेली भोकं आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसं आपापल्या कुत्र्यांकडे बघतायत की फोनमध्ये? माणसं कोपऱ्यात गप्पा मारत बसलेली आणि कुत्रे दुसऱ्या टोकाला असतील तर त्या वेळेला जाऊ नका. तोच पार्क सकाळी वेगळा असतो आणि संध्याकाळी वेगळा. लोकांचे अभिप्राय इतके उलटसुलट असतात ते बरेचदा याचमुळे.

आत शिरताना पट्टा त्या मधल्या जागेतच काढा. बाकीचे मोकळे आणि एकटा बांधलेला असला की बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं ना बाजूला होता येतं. तो भेदरतो आणि अंगावर जातो. आतले कुत्रे नवीन पाहुण्याचा वास घ्यायला फाटकाशी गर्दी करतात, तेव्हा थोडं थांबा, ते पांगले की मग दार उघडा. आत गेल्यावर फाटकाशी उभं न राहता चालत राहा. तुम्ही चालायला लागलात की मोतीही तुमच्यामागे येतो आणि गर्दी आपोआप सुटते.

---

दवाखान्यातली:

प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून तब्येतीपुरतं लिहिते.

लसी पूर्ण आहेत हे उत्तम. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) यांच्याबरोबरच केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) आणि लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) यांच्या लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण अनेक कुत्री एकत्र येतात तिथे आणि साचलेल्या पाण्याजवळ यांचा धोका वाढतो. धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पिल्लू असेल तर त्याच्या लसींचा पूर्ण क्रम, म्हणजे साधारण 16 आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस, होईपर्यंत त्याला अशा जागी उतरवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. माजावर आलेल्या मादीला तर अजिबातच नेऊ नये.

विष्ठा तिथल्या तिथे उचला. स्वच्छतेचा प्रश्न आहेच, पण तुमच्याकडे चार वर्षांचं मूल आहे म्हणून मुद्दाम सांगते. गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना मातीत काही आठवडे लागतात. म्हणजे ताजी विष्ठा उचलली की ती साखळी तिथेच तुटते. मोतीला ठरल्या वेळी जंताचं औषध द्या आणि मुलांनी खाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

पाणी आणि भांडं घरचंच न्या. सगळ्यांच्या सामायिक भांड्यातून जिआर्डियासारखे पोटाचे त्रास पसरतात. तळ्यावर जाल तेव्हा पाण्यावर हिरवा-निळा, रंग सांडल्यासारखा थर दिसला तर मोतीला पाण्याजवळसुद्धा जाऊ देऊ नका. त्या शेवाळाच्या काही प्रकारांच्या विषाने कुत्रा काही तासांत दगावू शकतो.

---

कुरणप्रेमी:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण कुरणाची बाजूही मांडायला हवी. मोठ्या जागेत कुत्र्यांची भांडणं कमी होतात असा माझा अनुभव आहे. छोट्या कुंपणात एखाद्याला दुसरा नकोसा झाला तर जायला जागा नसते. कुरणात तो सरळ पन्नास पावलं दूर जातो आणि विषय मिटतो. शिवाय कुटुंबाला एकत्र चालता येतं. एका जागी उभं राहण्यापेक्षा सगळे चालत राहिले की कुत्रेही शांत राहतात. त्यामुळे मोती हाकेला पक्का झाला की कुरण सोडू नका.

तिथे एका गोष्टीसाठी डोळे उघडे ठेवा, ती म्हणजे कुसळं. गवत वाळायला लागलं की ती पायाच्या बोटांमध्ये, कानात, नाकात शिरतात, आणि त्यांची रचना अशी की फक्त आतच सरकत जातात. परतल्यावर गाडीत बसवण्याआधी मोतीला उभा करा आणि प्रत्येक पंजाची बोटं फाकवून बघा. मग कान उलटे करा, काखेत आणि शेपटीखाली हात फिरवा. गोचीडही याच जागा धरते. ती सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि सरळ ओढायची, पिळायची नाही. तेल, काडी वगैरे उपाय करू नका. कुत्रा अचानक एकसारखं डोकं झटकायला लागला किंवा एकच पंजा चाटत बसला तर थेट डॉक्टर.

---

धागाकर्ती:

किती छान आणि मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. मुलांबद्दल अजून कोणी लिहिलं तर बरं होईल. धाकटी कुत्र्यांना अजिबात घाबरत नाही, उलट दिसेल त्याला मिठी मारायला धावते.

---

तीन लेकरांची आई:

मग माझं स्पष्ट मत: चार वर्षांच्या मुलीला अ मध्ये आत नेऊ नका. बऱ्याच पार्कांत लहान मुलांसाठी वयाची अट असते, तिथल्या फलकावर आधी बघा. अट नसली तरी आपण घालून घ्यावी. धावणारं, किंचाळणारं मूल पाहिलं की कुत्र्याची पाठलाग करायची ओढ जागी होते, आणि तिथले कुत्रे तुमच्या घरचे नाहीत. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. मिठी ही आपल्याला प्रेमाची वाटते, पण अनोळखी कुत्र्याला ते अडकवून ठेवणं वाटतं. बिचारा स्वभावाने कितीही गोड असला तरी.

थोरला नऊ वर्षांचा म्हणजे शिकवलं तर येऊ शकतो. नियम मोजकेच: धावायचं नाही, ओरडायचं नाही, हातात खाऊ किंवा खेळणं घ्यायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुत्रा अंगावर धावत आला तर झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे.

---

दोन कुत्र्यांचं घर:

मुलांना लांबच ठेवलं तर ती शिकणार कधी, असंही वाटतं मला. आमची मुलं लहानपणापासून कुत्र्यांमध्येच वाढली.

---

तीन लेकरांची आई:

दादा, घरच्या कुत्र्यांमध्ये वाढणं आणि दहा अनोळखी मोकळ्या कुत्र्यांमध्ये उभं राहणं यात फार फरक आहे. शिकवायला भाड्याची जागा आहेच. तिथे दोन्ही मुलांना मोतीला हाक मारायला, बक्षीस द्यायला शिकवा. घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच हवेत. एक 'ये' म्हणतोय, दुसरा 'इकडे', तिसरी 'चल चल', असं झालं की कुत्र्याला काही कळत नाही. धाकटीसाठी अ पार्कला कुंपणाबाहेरून बघणं हाच खेळ करा: कोणाची शेपूट कशी आहे, कोण दमलंय, कोणाला एकटं राहायचंय. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखायला लागतात.

आणि एक नियम, यावर तडजोड नको. एक मोठं माणूस फक्त मोतीसाठी आणि एक फक्त मुलांसाठी. दोन्हीकडे एकच माणूस लक्ष ठेवू शकत नाही. एक जण आला नसेल तर त्या दिवशी पार्क रद्द, साधी पट्ट्याने फेरी मारून या.

---

दोन कुत्र्यांचं घर:

हे पटलं. आमच्याकडेही कायम दोघं असायचो, म्हणूनच ते निभावलं.

ताई, मोतीवर लक्ष ठेवणाऱ्याने नेमकं काय बघायचं तेही सांगतो. खेळ चांगला चाललाय तेव्हा अंग सैल असतं, तोंड उघडं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर अशी खेळायची खूण वारंवार येते, आणि पाठलाग करणारा व पळणारा आलटून पालटून बदलतात. अंग ताठ झालं, तोंड मिटलं, शेपूट उंच ताठ होऊन भराभर हलायला लागली, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर मान ठेवून रोखलं, की हसतमुखाने हाक मारून मोतीला बाजूला घ्या. शेपूट हलतेय म्हणजे खूशच आहे असं धरून चालू नका. शंका असेल तर जो दांडगाई करतोय त्याला हलकेच धरा (बहुतेक वेळा या वयाचा लॅबच असतो) आणि दुसरा काय करतो ते बघा. तो परत खेळायला आला तर छान, निसटून गेला तर त्याला आधीच नको होतं. गुरगुरण्यावर मोतीला रागवू नका. तो इशारा असतो, आणि इशारा दाबला की पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

---

धागाकर्ती:

हे वाचून खूप धीर आला. दोन शेवटचे प्रश्न. खरंच भांडण लागलं तर काय करायचं? आणि सासूबाईंनाही यायचंय, त्यांचे गुडघे दुखतात.

---

दवाखान्यातली:

भांडण लागलं तर सगळ्यात आधी मुलं कुंपणाबाहेर. गळ्यातल्या पट्ट्याला हात घालायचा नाही, माणसांना चावे बसतात ते बहुतेक असेच. मोठा आवाज करा, पाणी ओता, मध्ये एखादी फळी किंवा खुर्ची सरकवा. नाहीच सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ उचलून उलटं चालत मागे न्यायचं. नंतर केसांखाली नीट तपासा. दात बारीक भोक पाडतात पण आत जखम मोठी असते, त्यामुळे रक्त दिसलं नाही तरी डॉक्टरांना दाखवा. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुत्रा ओळखीचा, लस घेतलेला असला तरीही.

उन्हाचंही सांगून ठेवते. कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतात, आणि खेळाच्या भरात ते स्वतःहून थांबत नाहीत. जमिनीवर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर पंजांनाही ती भाजेल. तोल जातोय, हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट झालीय असं दिसलं तर उष्माघात समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, 41 च्या वर गेलं की जिवाशी गाठ. आधी तिथेच गार पाणी ओतून वारा घाला आणि मग गाडीत घाला.

---

कुरणप्रेमी:

सासूबाईंना अ च्या आत उभं करू नका. पळणाऱ्या कुत्र्यांचा घोळका माणसाच्या गुडघ्यांच्या उंचीवर आदळतो आणि तरणाबांड माणूसही पडतो. आत असताना तुम्हीही गुडघे किंचित वाकवून, कुत्र्यांकडे तोंड करून उभे राहा. सासूबाईंसाठी भाड्याची जागा छान. कुंपणाला लागून खुर्ची टाका आणि मोतीला हाक मारून बक्षीस द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. बसलेल्या माणसाकडे कुत्रे फार प्रेमाने येतात.

---

धागाकर्ती:

ठरलं तर मग. आधी काही आठवडे सगळे मिळून भाड्याच्या जागी. मधल्या काळात हे एकटे अ पार्क बघून येतील. त्यानंतर आम्ही दोघं थोरल्याला घेऊन तिथे, गर्दी नसलेल्या वेळी. धाकटी आणि आजी त्या दिवशी घरी. कुरण त्यानंतर. पहिल्यांदा अ मध्ये किती वेळ थांबावं?

---

दोन कुत्र्यांचं घर:

वीस मिनिटं पुरे. तो दमून चिडचिडा व्हायच्या आत निघा. निघण्याआधी दोन-तीनदा हाक मारून परत सोडा आणि मग पट्टा लावा. गळ्यात तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला आहे ना, आणि मायक्रोचिपवर (कातडीखाली बसवलेल्या ओळख पटवायच्या चिपवर) सध्याचाच नंबर नोंदवलाय ना, ते जायच्या आदल्या दिवशी तपासून घ्या.