गंगापूर रोडला रो हाऊस, पुढे पाम लावू की झाड?

अंगणवाला: पुढे साधारण पंधरा बाय वीसची जागा आहे, काळी माती, दुपारनंतरचं ऊन डायरेक्ट हॉलमध्ये घुसतं. बायकोला पाम पाहिजेत, मला सावली. काय लावू?

सिडकोकर: पामची सावली म्हणजे नावालाच हो. पश्चिमेला बकुळ लावा, हळू वाढते पण बाराही महिने हिरवीगार. बहावा फुलल्यावर लय भारी दिसतो, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून खराटा होतो, मग सावली कुठली? उंबर-पिंपळ भिंतीजवळ चुकूनही नको.

हिरवी_मावशी: वहिनींचंही ऐका की जरा 😀 अरेका पाम पूर्वेला लावा, सकाळचं ऊन चालतं, एप्रिलच्या दुपारी मात्र पानांची टोकं करपून तपकिरी होतात. रॉयल पाम पार्किंगशेजारी नको, झावळी चांगलीच जड असते, गाडीवर आली तर पत्रा गेलाच समजा. आणि काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून रोप जरा उंचवट्यावरच लावा.

रानभटक्या: देशी पाम हवा तर भेरली माड, आपल्या सह्याद्रीतलाच. पण त्याचे फुलोरे वरून खाली येत जातात आणि शेवटचा येऊन गेला की झाडच मरतं, शिवाय फळांनी हाताला जाम खाज सुटते.

अंगणवाला: घरात लहान पोरगी आहे, भेरली कॅन्सल. बकुळ आणि अरेका फायनल. रोप केवढं घेऊ?

हिरवी_मावशी: बकुळ चार-पाच फुटी बास. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर घेऊच नका, आणि लावा पाऊस नीट सुरू झाल्यावर.