ट्रायल्सच्या मागच्या टायरची साइडवॉल चिरली: पॅच मारायचा की टायर बदलायचा?

काळापाषाण, खारघर
साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, चीर पंक्चरवाल्याला दाखवली की एकच उत्तर येतं: "हे होत नाही, टायर बदला." रस्त्यावरच्या गाडीला ते शंभर टक्के बरोबर. पण ट्रायल्सच्या (दगडांवरून हळू, तोल सांभाळत चालवायच्या मोटरसायकलच्या) मागच्या 4.00आर18 (आर म्हणजे रेडियल) ट्यूबलेस टायरला तोच नियम लावणं मला पटत नाही. रस्त्यावरच्या टायरमध्ये 30च्या आसपास पीएसआय हवा असते, इथे साडेचार-पाच. वेग चालत्या माणसाइतका, आणि गाडी जागेवर टेम्पोतून जाते. आपल्याकडचा बेसॉल्ट, त्यात खाणीतला ताजा फुटलेला, धारदार असतो. चिरा जाणारच. दर वेळी आयात केलेला टायर फेकायचा का?

पॅच मात्र आतूनच मारायचा. बाहेरून सुईने स्ट्रिप घालू नका. ती कानशीसारखी सुई रबराच्या आतले धड असलेले धागेही तोडते, आणि साइडवॉल इतकी वाकते की स्ट्रिप चार दगडांत बाहेर येते.

बीड_तुर्भे
साफ असहमत. हवा कमी म्हणून ताण कमी, हा अर्धाच हिशेब झाला. हवा कमी असते म्हणूनच तर साइडवॉल दर दगडावर घडी पडल्यासारखी दुमडते. पॅच हवेच्या दाबाने जात नाही, वाकून वाकून जातो. त्यात कळंबोलीला ट्रकवाल्यांकडे जाड पॅच मारून घेतात. मऊ साइडवॉलवर तो कडक तुकडा बसला की त्याची कड बिजागरीसारखी काम करते, आणि नवी चीर नेमकी त्या कडेनेच जाते. एवढ्या मेहनतीपेक्षा ट्यूब घाला.

काळापाषाण, खारघर
जाड पॅचबद्दल पूर्ण मान्य. पण ट्यूब नको. चीर दर दगडावर उघडते-मिटते आणि ट्यूबला चिमटा घेते. शिवाय पाच पीएसआयला दगडाची कड लागली की ट्यूब रिमवर आपटून दोन भोकं पडतात ती वेगळीच.

पातळ रेडियल पॅच घ्या, साधारण 5 सेंमीचा. त्यावरचे बाण बीडच्या, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेच्या, दिशेने ठेवायचे. आधी क्लीनर लावून स्क्रेपरने खरवडा, मगच बफिंग (रबर घासून खरखरीत करणं); नाहीतर आतला मेणचट थर रबरात आणखी घासला जातो. पॅचपेक्षा बोटभर जास्त जागा हळू फिरणाऱ्या बफरने घासा. ग्राइंडरचा वेग लावलात तर रबर जळून चकचकीत होतं आणि त्यावर काही चिकटत नाही. भुकटी ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका. सोल्यूशनचा एकच पातळ हात द्या आणि बोटाच्या मागच्या बाजूला चिकट लागेपर्यंत थांबा. पॅच लावताना टायर फाकवलेला नको, सैल पडलेला हवा. फाकवून लावलेला पॅच टायर मिटला की सुरकुततो. मग रोलर मधून कडेकडे, जोर लावून.

ओलीहवा, ठाणे
दोघांकडून एक गोष्ट राहिली: चिरेची दिशा. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये धागे बीडपासून ट्रेडकडे (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाकडे) उभे जातात. चीर त्याच दिशेने असेल तर ती धाग्यांच्या मधून सरकते, तुटतात एखाद-दोन. रिमला समांतर आडवी असेल तर बोटाच्या पेराएवढ्या चिरेतही धाग्यांची रांग कापली जाते. टायर आतून बाहेर ढकलून चीर उघडा आणि बॅटरी मारून तुटलेली टोकं मोजा. आडवी चीर, किंवा बीडपासून दोन सेंमीच्या आत गेलेली कुठलीही चीर, मी तरी पॅचच्या लायकीची मानत नाही.

आणि जुलैत इथल्या दमट हवेत सोल्यूशन वरून सुकलेलं वाटतं, खाली ओलं राहतं. बफ केलेली जागा आधी ड्रायरने कोमट करा, वाळायला दुप्पट वेळ द्या.

बीड_तुर्भे
उभी, छोटी, बीडपासून लांब असलेली चीर असेल तर माझा विरोध मागे घेतो. पण बाहेरचं तोंड उघडं ठेवलंत तर माती-पाणी धाग्यांच्या कडेने आत झिरपतं आणि थर सुटायला लागतात. कच्चं रबर भरून हॉट प्रेस करून घ्या. आत पंक्चरचं लिक्विड टाकलेलं असेल तर पॅच विसरा. धुतलं तरी चिरेच्या आत मुरलेलं निघत नाही.

काळापाषाण, खारघर
कच्च्या रबराचं बरोबर आहे. आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅचवर सर्वांत मोठा ताण डोंगरावर येत नाही, बीड बसवताना येतो. कोरडा बीड बसवायला कॉम्प्रेसरने 30च्या वर न्यावं लागतं, म्हणजे रोजच्या सहापट. म्हणून पॅचच्या बाजूचा बीड शक्यतो रिमवरून सोडूच नका, दुसऱ्या बाजूने हात घाला. उरलेल्या बीडला साबणाचं पाणी भरपूर लावा, व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरा, 'टक्' आवाज आला की लगेच थांबा. मग 10 पीएसआयवर रात्रभर ठेवा. सकाळी चिरेवर फेस आला किंवा तळहाताला उंचवटा लागला, तर तो टायर मीही लावणार नाही.