मदत हवी आहे: नातवंडाच्या गोधडीवर कोणतं वचन भरू?

सर्वांना जय ख्रिस्त. आम्ही नाशिकला, शरणपूरजवळ राहतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं पहिलं नातवंड येईल. नाताळच्या तोंडावर! घरात रोज सायंप्रार्थनेत आता त्या न पाहिलेल्या बाळाचंही नाव असतं, नुसतं ‘बाळ’ म्हणून.

माझ्या आईच्या दोन जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवतेय. सव्वा हात लांब, तेवढीच रुंद. एका काठावर साखळी टाक्याने बायबलमधलं वचन भरायचं आहे. स्तोत्र 127:3 मनात होतं, लेकरं ही परमेश्वराची देणगी. कागदावर आखून पाहिलं, पूर्ण ओळ मावत नाही आणि अर्धी तोडायला मन धजत नाही. 139:13 सुनेला फार आवडतं, पण तेही लांबच. गणना 6:24 मधला आशीर्वाद जवळपास बसतो, तरी शेवटचे दोन शब्द उरतात.

मुलगा की मुलगी माहीत नाही, त्यामुळे दोघांनाही चालेल असं हवं. मराठी पवित्र शास्त्रातलंच, शब्द न बदलता. दोरा पक्क्या रंगाचा घेतलाय, भरतकाम बाळाच्या अंगाला लागणार नाही अशा बाजूला येईल.

चार-पाच शब्दांत पूर्ण होणारं, बाळाला आशीर्वाद देणारं वचन कोणतं? अध्याय आणि ओवीसह सांगाल का?