हिपॅटायटिस सी: आधी शिरकाव की आधी संकेत?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, परळ)
नमस्कार. हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृतपेशीत शिरतो आणि त्यानंतर पेशीत संकेतवहन (प्रथिनांमार्फत संदेश पुढे जाणे) सुरू होते, असा क्रम आमच्या टिपणांत दिलेला आहे. मात्र चर्चासत्राची तयारी करताना असे वाचले की, पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या संकेतग्राही प्रथिनाला अडवणारे एर्लोटिनिब हे कर्करोगावरील औषध प्रयोगशाळेतील पेशींत या विषाणूचा शिरकावच रोखते. संकेत जर नंतरचा असेल, तर तो अडवल्याने शिरकाव कसा थांबतो?

उत्तर (संशोधक, अंधेरी)
टिपणांतला क्रम अपुरा आहे. विषाणू प्रथम पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करासाखळ्यांना सैलसा चिकटतो आणि मग एसआर-बी१ व सीडी८१ या प्रथिनांशी बांधला जातो. परंतु १९९८ साली ओळखले गेलेले सीडी८१ एकटे पुरे पडत नाही, त्याला क्लॉडिन-१ या प्रथिनाची जोड मिळावी लागते आणि पुढे ऑक्लुडिन हे प्रथिनही लागते. ईजीएफआरकडून निघालेला संकेत एचरास या प्रथिनामार्फत सीडी८१ आणि क्लॉडिन-१ यांची जोडी जुळवून आणतो, त्यानंतर क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू आत ओढला जातो आणि एन्डोसोम या पेशीतील पिशवीमधल्या आम्लतेमुळे त्याचे आवरण तेथील पटलात मिसळते. म्हणजे हा संकेत शिरकावाची पूर्वअट आहे. एर्लोटिनिबने ती जोडीच जुळत नाही.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दादर)
टिपणे लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच संकेत असावा. विषाणूचा आरएनए पेशीद्रवात मोकळा झाल्यावर आरआयजी-आय हे प्रथिन त्याला ओळखते आणि एमएव्हीएस या पुढच्या प्रथिनामार्फत इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनांची निर्मिती सुरू करते. विषाणूचे एनएस३/४ए हे विकर (एन्झाइम) नेमके एमएव्हीएसच कापून टाकते, हा त्याचा कावेबाजपणा चर्चासत्रात अवश्य सांगावा.

विद्यार्थिनी
आपणा दोघांचेही आभार. आमच्याकडे हेपजी२ आणि एचयूएच-७.५ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशी आहेत. त्यांत हे दोन्ही संकेत पाहता येतील का?

संशोधक, अंधेरी
मूळ हेपजी२ पेशींत सीडी८१ जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्या शिरकावाच्या प्रयोगाला उपयोगाच्या नाहीत. एचयूएच-७.५ मध्ये शिरकाव उत्तम दिसेल. पण त्यांच्या आरआयजी-आयमध्ये उत्परिवर्तन झालेले असल्याने सरांनी सांगितलेला संकेत तेथे उमटणार नाही, आणि तो उमटला नाही म्हणून विषाणूनेच तो दाबला, असा निष्कर्ष कृपया काढू नये.